उपवासाला चालते

९ एप्रिल, पाडवा

ज्या विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरा वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तिथून पगार कधी आला नाही. डायरी मात्र दर जानेवारीला न चुकता आली. कव्हरवर संस्थेचं नाव सोनेरी अक्षरांत, आत पहिल्या पानावर अध्यक्षांचा हसरा फोटो. तो फोटो आज फाडून टाकला आणि लिहायला बसलो. कालच राजीनामा दिला. प्राचार्य म्हणाले, सर, अनुदानाचा टप्पा येतोच आहे, थोडा धीर धरा. माझं लग्न झालं तेव्हाही टप्पा येतच होता.

आज जळकोटला हायवेच्या कडेला कोल्ड कॉफीचं दुकान उघडलं. नारळ आईने फोडला. शेजारी शिवानंदचं चहाचं हॉटेल आहे. त्याने हात जोडून शुभेच्छा दिल्या, पण डोळे मिक्सरवर होते. गावातली दोन शहाणी माणसं येऊन म्हणाली की सर, शेवटी तुम्हीही पेले विसळायला लागलात. मी हसलो. अकरा वर्षं फुकट शिकवत होतो तेव्हा यांच्यातलं कुणी काही बोलायला आलं नव्हतं.

पेले खरं तर सोनालीच विसळत होती. तिला दुसरा महिना आहे. बस म्हटलं तरी बसेना. मागच्या खेपेचं तिसऱ्या महिन्यात गेलं, त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. या वेळी बाळ सुखरूप घरी यायला पाहिजे आणि दुकानही चालायला पाहिजे. देवाकडे माझं एवढंच मागणं आहे.

१४ एप्रिल

जयंतीची मिरवणूक. निळे झेंडे, बँड, रस्ता भरून माणसं. दुपारपासून मिक्सरला उसंत नाही. मिरवणुकीतून दीक्षा बाजूला येऊन पाया पडली. माझी विद्यार्थिनी, आता इथल्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. पेला संपवून म्हणाली, ‘‘सर, लई भारी झाली.’’ सोनालीचं नाव लवकर नोंदवा, तपासण्या मीच करीन, असंही म्हणाली.

मी शिकवलेली मुलं पगार घेतात आणि मी त्यांना कॉफी देतो. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पैसे घेतले नाहीत. ती द्यायचा आग्रह करीत होती, मग तर मुळीच घेतले नाहीत.

४ मे

ऊन असं की डांबरावरून चालताना चप्पल चिकटते. अशात लोक गरम चहा पितात, याला काय म्हणावं. तरी शिवानंदकडे गर्दी असतेच. माझ्याकडे तरुण मुलं येतात, ट्रकवाले येतात, कॉलेजच्या मुली लांब उभ्या राहून एकीला पुढे पाठवतात.

आज फळा रंगवून घेतला. मजकूर माझाच: ‘कोल्ड कॉफी प्या. हाडांना कॅल्शियम, मेंदूला तरतरी. एक पेला, तीन तास भूक नाही.’ शेवटची ओळ ट्रकवाल्यांना फार आवडली. जेवायला न थांबता थेट सोलापूर गाठता येतं.

शिवानंद येऊन फळा वाचून गेला. मग जाता जाता म्हणाला, ‘‘समदं लिवलं सर, साखर किती घालायलाव ते न्हाय लिवलं.’’ मी म्हणालो, फळ्यावर जागा संपली. स्वतः चहात साखर ओततो ती कुणाच्या हिशोबात धरायची? चार चमच्यांशिवाय कॉफीचा कडूपणा मरत नाही आणि कडू कॉफी इथं कोण पिणार. ज्याला मधुमेह आहे त्याने येऊ नये. मी काही कुणाला हाताला धरून आणत नाही.

सोनालीला अन्न टिकत नाही. भाकरीचा वास आला की उठून पळते. थंड कॉफी तेवढी टिकते. आज दोन पेले प्याली. आई म्हणाली, चला, दूध तरी पोटात चाललंय. माझ्या दुकानाचं पहिलं चांगलं काम घरातच झालं.

२८ जून

सोनालीची तपासणी. चौथा महिना संपत आला. रक्त साडेनऊ निघालं. दीक्षा म्हणाली, आपल्याकडे बहुतेक बायांचं असंच असतं, पण वाढवलं पाहिजे. लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. एवढं बोलून माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, ‘‘जाऊ द्या, सरांना काय सांगायचं. त्यांनीच शिकवलंय आमाला.’’

खरंच शिकवलं होतं. चहातलं टॅनिन लोहाला धरून बसतं आणि शरीराला घेऊ देत नाही. मी ते लोहाचं द्रावण आणि चहाचं पाणी एकत्र करून, काळं पडलेलं दाखवून शिकवायचो. पोरगी इतक्या वर्षांनीही विसरली नाही. येताना गाडीवर सोनालीला सगळं समजावून सांगितलं. आजपासून घरात चहा बंद. आईला हे फार जड गेलं. ती रागाने म्हणाली, पोटात माझ्या बाळ नाही. पण मी ऐकलं नाही, चहाची पत्ती उचलून सरळ शिवानंदला देऊन आलो. त्याला वाटलं मी टोमणा मारतोय.

१७ जुलै, एकादशी

आज धंद्याचं खरं गणित कळलं. सकाळपासून जो येतो तो विचारतो, उपवासाला चालते का? एकाने तरी विचारावं की ही तब्येतीला चालते का.

मी सगळी चौकशी केली. वर आइस्क्रीमचा गोळा टाकत होतो, त्याच्या खोक्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. मक्याचं पीठ निघालं. धान्य म्हटल्यावर उपवास मोडतो, म्हणून लगेच आइस्क्रीम बंद. मग कोंडाबाई म्हणून गल्लीतल्या एक कडक म्हाताऱ्या आहेत, त्यांनी कॉफीच्या डब्यावर चिकोरी लिहिलेलं नातीकडून वाचून घेतलं आणि विचारलं की हे काय असतं. चिकोरी हे मूळ असतं, रताळ्यासारखं जमिनीखाली येतं, हे मी समजावून सांगितलं. मूळ म्हणजे चालतं. कोंडाबाईंनी मान्य केलं आणि दोन पेले प्याल्या. त्या प्याल्या म्हटल्यावर सगळी गल्ली आली.

संध्याकाळी फळ्यावर नवी ओळ घातली: ‘उपवासाला चालते.’ इतर सगळ्या ओळींपेक्षा मोठ्या अक्षरांत.

सोनालीची तक्रार आहे की लाल गोळीने मळमळतं, पाण्याबरोबर घेतली तर बाहेरच येते. मी म्हटलं, कॉफीबरोबर घे. तिने विचारलं, ‘‘चालतंय का?’’ कॉफीत टॅनिनसारखं थोडं काही असतं, पण चहाएवढं नाही, आणि आपल्या कॉफीत निम्म्याहून जास्त दूध. दुधात ते बांधलं जातं. एवढं रसायनशास्त्र मला कळतं. आज गोळी पोटात राहिली. मला समाधान वाटलं.

६ ऑगस्ट

श्रावण लागला. काल पहिला सोमवार होता, धंदा उत्तम.

सोनालीला एक नवीन खोड लागली आहे. बर्फ खाते. दुकानात आली की डब्यात हात घालते आणि कडाकडा चावत बसते. घरी फ्रीजमध्येही ट्रे उरत नाही. काल ऐन गर्दीत बर्फ संपला तेव्हा मी चिडलो. ती म्हणाली, ‘‘काय करू, ऱ्हावतच न्हाय.’’ डोहाळे आहेत, दुसरं काय. लोकांच्या बायकांना चिंच लागते, माझ्या बायकोला धंद्याचा कच्चा माल लागतो. हे मी शिवानंदलाही सांगितलं. तोही हसला. चार महिन्यांत आम्ही दोघं पहिल्यांदाच एका गोष्टीवर हसलो.

रात्री तिला झोप येत नाही, छातीत धडधडतं म्हणते. पहिलं बाळ गेल्याची भीती असणार. मीही भितोच की.

२० ऑगस्ट

तुळजापूरला जाऊन आलो. नवस बोललो. या नवरात्रात दुकान पायावर उभं राहू दे, माझ्या घरातली बाई नऊ दिवस कडक उपवास धरील.

जळकोटवरून नवरात्रात आणि पुढे पौर्णिमेपर्यंत कर्नाटकातले लोक अनवाणी चालत तुळजापूरला जातात. रात्रंदिवस रांग असते. त्यातले निम्मे तरी उपाशी. खायला त्यांना गावोगाव फुकट मिळतं, पण थंड, गोड आणि उपवासाला चालणारं काय मिळतं? ते फक्त माझ्याकडे. हे नऊ दिवस साधले तर कॉलेजातली अकरा वर्षं भरून निघतील.

उपवास मी स्वतःच धरला असता. पण दिवसभर मिक्सरपाशी उभं राहायचं तर पोटात काहीतरी पाहिजे. शिवाय आमच्यात बायांनीच धरायची रीत आहे. वडील नवस बोलायचे आणि आई फेडायची. तिला कधी काही झालं नाही.

सोनालीला सांगितलं की नवस बाळासाठी बोललो. दुकानासाठी म्हटलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. बाळासाठी म्हटल्यावर डोळ्याला पदर लावला आणि एकही विचारला नाही. आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, देवीला सगळं एकच.

१० सप्टेंबर

संताप संताप झाला आहे. सोनालीचं रक्त आठवर आलं. वाढायचं सोडून उतरलं. दीक्षाने तिला चार चार वेळा विचारलं, गोळ्या घेता का? घेते. रोज? रोज. टाकून तर देत नाही ना? माझ्या देखत विचारते! मी म्हटलं, माझ्यासमोर घेते, एक दिवस चुकलेली नाही. मग गोळ्यांतच दम नसेल. दीक्षा कार्डावर आकडा लिहीत होती. नवरात्राचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाली, ‘‘सर, यांना उपवास नको.’’ मी म्हटलं, अगं, उपाशी कुठे राहणार आहे, दिवसाला चार पेले कॉफी जाईल, म्हणजे लिटरभर दूध झालं. ती सोनालीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बरं सर. पण मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवा.’’

दाखवू. नवरात्र होऊ दे.

मेडिकलमधून महागातल्या गोळ्या आणल्या. त्या सोनेरी कागदात येतात. आज कॉफीबरोबर पहिली घेतली.

संध्याकाळी बिभीषणराव आले, सोनालीचे मोठे भाऊ, लोहाऱ्याच्या रस्त्यावर जीप चालवतात. सातव्या महिन्यात माहेरी न्यायची म्हणाले. मी म्हटलं, नवस आहे, नवरात्र झाल्यावर न्या. बहिणीचं तोंड त्यांनी निरखून पाहिलं. ‘‘दाजी, ही जेवती का?’’ असं विचारलं. आमच्या घरात येऊन असं विचारणं मला आवडलं नाही. बायकोला उपाशी ठेवणारा वाटलो का मी? सोनालीच म्हणाली, ‘‘मला भूकच लागत न्हाय, दादा.’’ तेव्हा ते उठले.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

घट बसले. सोनालीचा उपवास सुरू. सकाळी देवीसमोर तिने बाळाचं नाव घेऊन हात जोडले, म्हणजे नाव अजून नाही, पण ‘‘माझ्या बाळाला’’ असं म्हणाली. मला क्षणभर कसंतरी झालं. मग दुकान उघडायला उशीर होत होता म्हणून निघालो.

दिवसभर रांग. कानडी, मराठी, सगळं मिसळून आवाज. पायांना फोड आलेली माणसं पेला हातात घेतात आणि डोळे मिटतात. एका बाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तिची भाषा कळली नाही.

७ ऑक्टोबर

लिहायला वेळ नाही. पाय सुजलेत. आवाज बसला. मिक्सर तापतो म्हणून दुसरा आणला. शिवानंदने आपल्या दुकानासमोर ‘इथेही कोल्ड कॉफी मिळेल’ अशी पुठ्ठ्याची पाटी लावली आहे. त्याला फेस आणता येत नाही. तरी माझी रांग त्याच्या दारासमोर जाते म्हणून सारखा कुरकुर करतो, आज दोनदा भांडायला आला.

सोनाली उजळली आहे. इतकी गोरी ती कधीच नव्हती. गल्लीतल्या बाया म्हणतात, मुलगी होणार, म्हणून आईचं रूप वाढलं. आई म्हणते, उपवासाचं तेज. काही असो, घरात शिरताना दारात तिचा चेहरा दिसला आणि मला देवीचीच आठवण आली. जिना चढताना दोनदा थांबते, पण आठव्या महिन्यात कोण धावत चढतं?

१३ ऑक्टोबर, धाराशिव

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. घडलं तसं लिहितो.

परवा अष्टमी. दुपारची वेळ, रांग हायवेपर्यंत. दोन्ही मिक्सर चालू, कानात दुसरं काही शिरत नव्हतं. फोन गल्ल्याजवळ पडलेला. शिवानंद रांगेतून वाट काढत आला आणि हातवारे करून बोलायला लागला. मला वाटलं, पुन्हा रांगेवरून भांडण. मी मिक्सर बंदही केला नाही. हात झटकून सांगितलं, नंतर या, आत्ता वेळ नाही. तो पुन्हा काही बोलला. मी पाठ फिरवली. तो गेला. मला बरंच वाटलं.

तो सांगत होता की सोनाली मोरीजवळ पडली. आईचे फोन मी उचलले नाहीत, म्हणून तिने त्याला लावला. शिवानंदने आपलं हॉटेल उघडं टाकलं, उकळतं दूध तसंच, आणि टमटम आणून तिला आणि आईला दवाखान्यात नेलं. तिथून दीक्षाने गाडीत घालून इथं आणलं. हे सगळं होत असताना मी कॉफी विकत होतो. रांगेतल्या एका माणसाने खूण करून दाखवलं की शेजारच्या हॉटेलात दूध उतू जातंय. तेव्हा मी हसलो होतो.

रक्त साडेपाच होतं. बाटल्या चढवल्या. दोन बाटल्या बिभीषणरावांच्या ओळखीच्या पोरांनी दिल्या, एक दीक्षाने. माझं चालेना, दोन दिवस मी नीट जेवलेलो नव्हतो आणि रक्तदाब वर होता.

बाळ झालं. मुलगी. हाताच्या पंजात मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली आहे. श्वास घेते, हे बघायला काचेला डोळे लावावे लागतात.

१४ ऑक्टोबर

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. सोनालीला विचारून त्यांनी सगळं आधीच काढून घेतलं होतं. दिवसाला किती पेले, गोळी कशाबरोबर, जेवण किती. बर्फाचंही विचारलं. म्हणाल्या, रक्त कमी झालं की काही बाया माती खातात, काही खडू, काही बर्फ. कॉफीने भूक मेली, जे थोडं खाल्लं त्यातलं लोह कॉफीने आणि दुधाने धरलं, गोळीतलंही धरलं. झोप उडाली, धडधड वाढली. वर उपवास. ‘‘घरात शिकलेलं कुणी नाही का?’’

मी सांगितलं, मी रसायनशास्त्र शिकवत होतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर आल्यावर दीक्षा बाकावर बसली होती. तिच्यावर मी ओरडलो. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. कॉफी नको, असं स्पष्ट तोंडाने का सांगितलं नाहीस? चहा म्हणालीस. ती रडायला लागली. म्हणाली, ‘‘सर, तुमाला कसं सांगायचं हुतं म्या?’’

तिची चूक नाही असं म्हणत नाही. पण तिने रक्त दिलं आहे, म्हणून पुढे बोललो नाही.

१६ ऑक्टोबर, कोजागिरी

आज वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस. जळकोटवरून माणसांचा लोंढा चालला असेल आणि माझ्या दुकानाला कुलूप. शिवानंद माझ्या गिऱ्हाईकांवर हात धुऊन घेत असेल. हा विचार डोक्यात आला आणि मला स्वतःची किळस आली, पण विचार काही गेला नाही. तो अजूनही आहे.

दुपारी आई सोनालीजवळ बसून तळतळत होती. देवीला बोल लावत होती. ‘‘दुकान दिलंस आन् लेकराला पेटीत घातलंस. त्यानं दुकानच मागितलं हुतं गं, म्हून काय लेकरू घ्यायचं?’’ मी दारात होतो. आईला थांबवायला वेळच मिळाला नाही. सोनालीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आई बाहेर गेल्यावर मी काहीतरी बोलायला लागलो की दुकान काय नि बाळ काय, सगळं आपल्या घरासाठीच होतं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘म्या रोज तिच्यासाठी हात जोडायले. ते कुठं गेलं मग?’’

 

२ नोव्हेंबर

बाळ पेटीतून बाहेर. वजन वाढतंय. दूध चमच्याने घेते, मधेच दमते, पुन्हा घेते. चिवट आहे. आज पहिल्यांदा हातात दिली. मी घाबरून दोन मिनिटांतच परत केली.

सुट्टी मिळाली. मी गाडी ठरवून आलो होतो, पण बिभीषणराव जीप घेऊन आधीच उभे होते. सोनाली माझ्याकडे न बघता जीपमध्ये बसली. बिभीषणराव म्हणाले, ‘‘दाजी, पाडवा-भाऊबीज आमच्याकडंच हुईल. पुढचं पुढं बघू.’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर भांडता आलं असतं.

११ नोव्हेंबर

दुकान पुन्हा उघडलं. नवरात्रात नाव झालं, आता लांबून लोक येतात. नवस म्हणावा तर पावला. शिवानंद सकाळी आला आणि बाळाचं वजन विचारून गेला. आभार मानायचे राहून गेले. उद्या मानीन असं रोज ठरवतो आणि तो समोर आला की मिक्सर चालू करतो. त्याने आपली पुठ्ठ्याची पाटी काढून टाकली आहे. का काढली ते मी विचारलं नाही.

फळ्यावरची भुकेची ओळ पुसली. कॉफी पिऊन कुणी गोळी घेताना दिसलं तर सांगतो, पाण्याबरोबर घ्या, दोन तास जाऊ द्या. लोक माझ्याकडे बघतात. स्वतःच्या मालाला नावं ठेवणारा दुकानदार त्यांनी पाहिलेला नसतो. तरी रांग कमी होत नाही. आई घरात पुन्हा चहा करते. आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा पितो.

२४ नोव्हेंबर

आज रविवार. दुकान बंद ठेवून लोहाऱ्याकडे गेलो. सासुरवाडी तिथून पुढे थोड्या अंतरावर. सोबत बाळासाठी टोपरं आणि सोनालीसाठी साडी घेतली. मनात भाषण तयार केलं होतं. चुकलं म्हणणार होतो. चुकलं असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही, म्हणून रस्ताभर जुळवत गेलो.

अंगणात ऊन होतं. सोनाली बाजेवर बाळाला तेल लावत बसली होती. बाळाच्या मांडीला आता वळी पडली आहे. सासूबाईंनी पाणी दिलं. बिभीषणराव जीपखाली काहीतरी दुरुस्त करत होते, ते तिथूनच या म्हणाले आणि बाहेर आले नाहीत. सोनालीच्या गालांवर रंग आहे. ते उपवासाचं तेज वगैरे काही नव्हतं, हे आज शेजारी बसल्यावर कळलं. अंगात रक्त असलं की माणूस असा दिसतो.

मी म्हणालो, चुकलं. मग घाईघाईने पुढचंही म्हणालो. दवाखाना जवळ आहे, दीक्षा आहे, दुकानात तुला यायची गरज नाही, कॉफी घरात आणणार नाही. बारसं मोठं करू. शिवानंदलाही बोलावू. ती ऐकत होती आणि बाळाचे हातपाय चोळत होती. मध्येच सासूबाईंनी तिच्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, मेथीची गरगट्टी भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर अर्धं लिंबू. तिने बाळ सासूबाईंकडे दिलं, हात धुतला आणि खायला लागली. भाकरी मोडायची, भाजीत बुडवायची आणि मोठा घास घ्यायची. आमच्या घरात तिला असं जेवताना मी पाहिलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न केला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं, त्यापुढे आठवेना.

मी विचारलं, मग कधी येतेस?

तिने आपल्या आईकडे आणखी एक भाकरी मागितली. ती वाढेपर्यंत ताटाकडे बघत बसली. मग माझ्याकडे बघून, न रागावता, शेजारणीला घरातलं काही सांगावं तसं म्हणाली, ‘‘मला इथं भूक लागायली.’’